समजेल तेच वाचा: वाचनातून दुसरी भाषा आत्मसात करण्याचा क्रम

दुसरी भाषा वाचून शिकायला निघालेल्या माणसाचे पहिले पुस्तक उघडून पाहिले, तर बहुतेक वेळा एकच दृश्य दिसते. पहिल्या पानावर ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठी अर्थ लिहिलेले असतात, पाचव्या पानावर ते विरळ होतात आणि बाराव्या पानानंतर पुस्तक कोरे करकरीत राहते. चिकाटी कमी पडली, असे तो माणूस समजतो आणि भाषेचा नाद सोडतो. चूक मात्र त्याआधीच झालेली असते. पुस्तक पेलवणार नाही असे निवडलेले असते आणि वाचनाच्या नावाखाली भाषांतराची मजुरी चाललेली असते.

भाषा मनात मुरते ती अर्थाकडे लक्ष असताना. ‘वही’ स्त्रीलिंगी आणि ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी हे आपल्याला कोणी नियम सांगून शिकवले नाही. ‘नवी वही’ आणि ‘नवे पुस्तक’ हे शब्द समजणाऱ्या वाक्यांतून असंख्य वेळा कानांवर पडले आणि पक्के झाले. प्रौढ वयातही हा मार्ग बऱ्याच अंशी खुला असतो, मात्र त्यासाठी मजकूर समजला पाहिजे आणि तो भरपूर असला पाहिजे. पुढील टप्पे या दोन अटी पुऱ्या करण्यासाठी आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण क्रम उलटला की मेहनत तितकीच होते आणि हाती फार थोडे लागते.

पूर्वतयारी

नव्या भाषेची लिपी वेगळी असेल, तर सर्वांत आधी लिपीवरच काम करावे. अक्षर ओळखायलाच डोके खर्ची पडत असेल, तर वाक्याच्या शेवटाकडे येईपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते आणि अर्थ हाती लागत नाही. या काळात नवे शब्द देवनागरीत लिहून वाचण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण देवनागरीत उतरवलेला शब्द आपण मराठी उच्चारांनी वाचतो आणि तो उच्चार पुढे सुटता सुटत नाही. जपानीसारख्या भाषेत कांजी चिन्हांच्या वर बारीक अक्षरांत उच्चार छापलेली पुस्तके मिळतात. सुरुवातीला तशीच घ्यावीत.

लिपी ओळखीची असली तरी आवाज आधी कानांवर पडला पाहिजे. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची कित्येक अक्षरे उच्चारली जात नाहीत आणि इंग्रजीत लेखन व उच्चार यांची फारकत जागोजागी आढळते. न ऐकता वाचणारा माणूस मनातल्या मनात स्वतःचीच एक भाषा तयार करतो, आणि मग तेच शब्द कोणी बोलले की त्याला ओळखू येत नाहीत. म्हणून पुस्तक हातात घेण्यापूर्वी दोन-तीन आठवडे अगदी सोपे, चित्रांच्या किंवा हावभावांच्या आधाराने समजणारे बोलणे ऐकावे.

याच काळात रोजच्या वापरातील सुमारे ३०० ते ४०० शब्द पाठ करून घ्यावेत. पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही. सर्वनामे, नेहमीची क्रियापदे, प्रश्नार्थक शब्द आणि संख्या यांची किमान पुंजी नसेल, तर सर्वांत सोपे पुस्तकही उघडत नाही. त्या पुंजीसाठी शब्दांच्या चिठ्ठ्या करणे हा जवळचा रस्ता आहे.

आणखी एक तयारी क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून पुष्कळांचे वाचन अडते. एकाच पातळीची किमान पाच पुस्तके आधी जमवून ठेवावीत. एकच पुस्तक असले की ते कंटाळवाणे निघाल्यावरही रेटावे लागते, आणि रेटून वाचलेले पुस्तक पुढच्या पुस्तकाची इच्छा मारते.

*तपासणी:* ओळखीच्या विषयावरील सुमारे ५० शब्दांचा परिच्छेद अक्षरांवर न अडखळता मोठ्याने वाचता येतो का? येत नसेल, तर पहिला टप्पा सुरू करू नये.

टप्पा १: आपली पातळी शोधणे

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, म्हणून येथे थोडे थांबू. पुढील वाक्यात २० शब्द आहेत आणि त्यांतील एक मी बनवलेला आहे.

‘तिने दाराची ठुमी काढली, आत पाऊल टाकले आणि भिंतीवर हात फिरवत दिवा लावला, खोलीत कोणीच नव्हते, फक्त खिडकी उघडी होती.’

‘ठुमी’ म्हणजे कडी किंवा तसेच काहीतरी, हे शब्दकोशाशिवाय कळले. आता त्याच वाक्यातील आणखी तीन शब्द बदलू.

‘तिने दाराची ठुमी काढली, आत पाऊल टाकले आणि भुरपीवर हात फिरवत मिरूट लावला, खोलीत कोणीच नव्हते, फक्त तेखडी उघडी होती.’

भुरपी ही भिंत असेल, मेज असेल किंवा मांजराची पाठही असेल. मिरूट म्हणजे दिवा, मलम की पडदा, हे ठरवता येत नाही. तेखडी ही खिडकी असू शकते, तशीच पेटीही. पहिल्या वाक्यात ९५ टक्के शब्द ओळखीचे होते आणि दुसऱ्यात ८० टक्के. ऐकायला हा आकडा चांगला वाटतो, परंतु प्रत्येक अनोळखी शब्द शेजारच्या अनोळखी शब्दावर टेकलेला असल्यामुळे तर्काला आधारच उरत नाही. आणि हे आपल्या मातृभाषेचे वाक्य होते, व्याकरण पूर्ण ओळखीचे होते. परक्या भाषेत असे पानामागून पान वाचायचे, म्हणजे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली इंग्रजी कथेवर केलेल्या अभ्यासात ८० टक्के शब्द ओळखीचे असताना एकाही वाचकाला पुरेसे आकलन झाले नाही. बाहेरच्या मदतीशिवाय नीट समजण्यासाठी सुमारे ९८ टक्के, म्हणजे दर ५० शब्दांमागे एकच अनोळखी, ही पातळी त्यांनी नोंदवली. त्यावरून घरी करता येण्याजोगी चाचणी अशी आहे.

१. पुस्तकाच्या मधले एखादे पान उघडावे. पहिले पान घेऊ नये, कारण तेथे पात्रे आणि जागा यांची ओळख करून दिलेली असल्यामुळे ते उरलेल्या पुस्तकासारखे नसते.

२. सलग १०० शब्द वाचावेत आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दासाठी एक बोट दुमडावे.

३. दोन किंवा त्याहून कमी बोटे दुमडली, तर पुस्तक एकट्याने वाचण्याजोगे आहे. तीन ते पाच दुमडली, तर ध्वनिमुद्रण किंवा चित्रे सोबत असतील तरच घ्यावे. हात पूर्ण मिटला आणि दुसरा सुरू करावा लागला, तर पुस्तक सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावे.

४. हीच चाचणी आणखी दोन ठिकाणी करावी.

मोजताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वाक्यातला प्रत्येक शब्द कळूनही अर्थ लागत नसेल, तर तो वाक्प्रचार अनोळखी म्हणूनच मोजावा. ‘तोंडचे पाणी पळाले’ यात ‘तोंड’, ‘पाणी’ आणि ‘पळणे’ हे तिन्ही शब्द येणाऱ्यालाही घबराट दिसत नाही. तसेच तुर्की किंवा फिनिश यांसारख्या प्रत्यय जोडत जाणाऱ्या भाषांत मूळ शब्द ओळखला आणि प्रत्ययाचा अर्थ अंदाजाने लागला, तर तो शब्द ओळखीचा धरावा.

*सावधान:* पातळी ठरवताना शिक्षण, वय किंवा प्रतिष्ठा यांचा विचार मध्ये आणू नये. मातृभाषेत जाडजूड ग्रंथ वाचणाऱ्यालाही नव्या भाषेत ४०० शब्दांच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते, आणि ती करायला जो कचरतो त्याचीच पाने बाराव्या पानानंतर कोरी राहतात.

टप्पा २: पुस्तकांची निवड

सुरुवातीला श्रेणीबद्ध पुस्तके घ्यावीत. शिकणाऱ्यांसाठी ठरावीक शब्दमर्यादेत लिहिलेल्या अशा मालिका इंग्रजीत साधारण ४०० मूळ शब्दांपासून २,५०० शब्दांपर्यंत पायरीपायरीने जातात, आणि इतर मोठ्या भाषांतही त्या आता मिळतात. ही भाषा ‘खरी’ नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो मला पटत नाही, कारण वाचणाऱ्याला जी समजतच नाही ती खरी भाषा त्याच्यापुरती नुसती खळबळ असते.

लहान मुलांची पुस्तके सोपी असतीलच, हा समज मात्र काढून टाकावा. चार वर्षांच्या मुलासाठीचे पुस्तक हे आधीच काही हजार शब्द कानावरून ओळखणाऱ्या मुलासाठी लिहिलेले असते. त्यात यमकासाठी वाक्यरचना उलटीपालटी केलेली असते, नादानुकारी शब्दांची रेलचेल असते, आणि प्राण्यांच्या पिल्लांची अशी नावे असतात जी प्रौढ माणसाला वर्षभरात एकदाही लागत नाहीत. कविता, विनोद आणि बातम्यांचे मथळे यांच्यापासूनही सुरुवातीला दूरच राहावे. मथळ्यात शब्द गाळलेले असतात, आणि विनोद तर बहुधा शब्दाच्या दुसऱ्या अर्थावरच उभा असतो.

याउलट मातृभाषेत वाचलेली कथा नव्या भाषेत वाचणे फार उपयोगी पडते. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ समोर येऊन उभा राहतो.

निवड वाचणाऱ्याची स्वतःची असावी. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फिजीमधील आठ ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या मुलांना इंग्रजीतील २५० रंजक सचित्र पुस्तके उपलब्ध करून दिली होती. त्या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. पुस्तके भरपूर होती आणि गोष्टी मुलांना आवडणाऱ्या होत्या, ही यातली लक्षात घेण्याजोगी बाब.

टप्पा ३: प्रत्यक्ष वाचन

रोज एकाच वेळी २० मिनिटे वाचावे. रविवारी दोन तास आणि एरवी काही नाही, या पद्धतीत आदल्या आठवड्यातले शब्द पुसट झालेले असतात. बसल्यावर पहिली दोन मिनिटे काल वाचलेले शेवटचे पान पुन्हा वाचावे आणि मग पुढे जावे.

वाक्य मनात मराठीत करत बसू नये. सवय जुनी असल्यामुळे ती सांगून थांबत नाही. त्यावर उपाय म्हणजे पुस्तक आणखी सोपे करणे आणि नजर पुढे चालती ठेवणे. ‘तो पळाला’ या अर्थाचे वाक्य वाचताच पळणारा माणूस डोळ्यांसमोर आला, की काम झाले.

शब्दकोशाबाबत मी पुढील नियम सुचवतो. अनोळखी शब्द पहिल्यांदा आला की ओलांडून जावे. दुसऱ्यांदा आला की समासात एक टिंब द्यावे. तिसऱ्यांदा आला आणि त्याच्यावाचून गोष्ट अडत असेल, तर प्रकरण संपल्यावर अर्थ पाहावा. जो शब्द तीनदा येतच नाही, त्याची गरज या घडीला नाही. हा नियम मला स्वतःला फार उशिरा पटला, कारण न कळलेला शब्द मागे सोडून जाताना कामचुकारपणा केल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शब्दकोशाकडे वळलेली नजर परत येते तेव्हा वाक्याचा ओघ तुटलेला असतो, आणि एकेका शब्दासाठी पूर्ण परिच्छेद गमावलेला असतो. मोबाइलवर किंवा ई-पुस्तकात शब्दाला नुसता स्पर्श केला की अर्थ दिसतो. ही सोय तर अधिक जपून वापरावी लागते, कारण तेथे बोट विचार करण्याआधीच चालते.

*तपासणी:* प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून काय घडले ते तीन-चार वाक्यांत मराठीत सांगावे. सांगता आले तर पुढे जावे. घटना सांगता येतात पण त्यांची कारणे सांगता येत नाहीत, असे दोनदा झाले, तर पुस्तक एक पायरी खालचे घ्यावे.

*दुसरी तपासणी:* घड्याळ लावून पाच मिनिटे वाचावे आणि शब्द मोजावेत. इंग्रजीसारख्या भाषेत वेग मिनिटाला १०० शब्दांच्या खाली राहत असेल, तर वाचन अजून भाषांतराच्या वळणावर आहे, असे मी समजतो. तुलनेसाठी सांगायचे, तर मातृभाषा इंग्रजी असलेले प्रौढ मनातल्या मनात मिनिटाला सुमारे २४० शब्द वाचतात.

टप्पा ४: ऐकण्याची जोड

वाचलेले प्रकरण त्याच दिवशी ध्वनिमुद्रणासह पुन्हा वाचावे, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून नुसते ऐकावे. हा क्रम उलटा करून आधी नुसते ऐकले, तर सुरुवातीच्या महिन्यांत शब्दांच्या सीमाच कळत नाहीत आणि सगळे एक लांबलचक सलग बोलणे वाटते. ध्वनिमुद्रणाचा आणखी एक गुण असा, की ते थांबत नाही. मागे वळून पुन्हा पुन्हा वाचण्याची खोड त्यामुळे मोडते.

चित्रपट किंवा मालिका पाहताना खाली येणारी अक्षरे मातृभाषेतली ठेवू नयेत. डोळा सोप्या भाषेकडे धावतो आणि कान बंद पडल्यासारखे होतात. अक्षरे शिकत असलेल्या भाषेतलीच ठेवावीत. तरीही कळत नसेल, तर तो कार्यक्रम पातळीबाहेरचा आहे.

टप्पा ५: वाचनाचे प्रमाण वाढवणे

एक पुस्तक वाचून शब्द येत नाहीत. रॉब वेअरिंग आणि मिसाको ताकाकी यांच्या २००३ सालच्या अभ्यासात एक श्रेणीबद्ध पुस्तक एकदा वाचलेल्या जपानी विद्यार्थ्यांना त्यातील २५ नव्या शब्दांपैकी सरासरी एकाच शब्दाचा अर्थ तीन महिन्यांनंतर सांगता आला. पहिल्या पुस्तकानंतर ‘काहीच लक्षात राहिले नाही’ म्हणून थांबणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. तेवढेच राहते, आणि ते पुढच्या पुस्तकांत भेटत राहिले तरच टिकते.

किती वाचावे, याचा अंदाज नेशन यांनी २०१४ साली इंग्रजीसाठी मांडला. शब्द वापराच्या क्रमाने लावले आणि प्रत्येक मूळ शब्द त्याच्या रूपांसह एक धरला, तर दुसऱ्या हजारातील बहुतेक शब्द बारा वेळा तरी भेटण्यासाठी सुमारे २ लाख शब्दांचा मजकूर वाचावा लागतो. तिसऱ्या हजारासाठी हे प्रमाण ३ लाख, पाचव्यासाठी १० लाख आणि नवव्यासाठी ३० लाखांच्या घरात जाते. मिनिटाला १५० शब्द या वेगाने रोज २० मिनिटे वाचले, तर दिवसाला ३,००० शब्द होतात. म्हणजे २ लाखांना सुमारे ६७ दिवस आणि १० लाखांना सुमारे अकरा महिने लागतील. आकडे मोठे असले तरी माणसाच्या आवाक्यातले आहेत.

यासाठी वहीत तीन रकाने करावेत: तारीख, मिनिटे आणि अंदाजे शब्द. पुस्तकांची संख्या लिहू नये. संख्या लिहिली की माणूस नकळत पातळ पुस्तके निवडू लागतो.

*सावधान:* प्रमाण वाढवण्यासाठी पातळी वाढवू नये. एका पायरीवरची आठ-दहा पुस्तके होईपर्यंत वरची पायरी चढण्याची घाई नको. तीच वाक्ये, तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींत भेटू द्यावेत.

टप्पा ६: सर्वसाधारण वाचकांच्या पुस्तकांकडे

या वाटेवरची सर्वांत अवघड जागा येथे आहे. श्रेणीबद्ध मालिका २,५०० शब्दांच्या आसपास संपते, आणि नेशन यांच्या २००६ सालच्या मोजणीनुसार इंग्रजी कादंबरी किंवा वृत्तपत्र ९८ टक्के समजण्यासाठी ८,००० ते ९,००० मूळ शब्द त्यांच्या रूपांसह यावे लागतात. ही दरी एका उडीत पार होत नाही.

उपाय असा, की वाचनाचे क्षेत्र मुद्दाम अरुंद करावे. एकाच लेखकाची चार-पाच पुस्तके, किंवा ज्या विषयाचे ज्ञान मातृभाषेत आधीच आहे त्या एकाच विषयावरचे लेख, ओळीने वाचावेत. प्रत्येक लेखकाचे ठरलेले शब्द आणि वाक्याची ठरलेली वळणे असतात. पहिली वीस-तीस पाने जड जातात आणि त्यानंतर तेच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागल्यामुळे मजकूर उलगडत जातो. शेतीचा जाणकार शेतीवरचा परभाषेतला लेख ज्या सहजतेने वाचतो, त्या सहजतेने त्याच भाषेतली साधी कथा त्याला कदाचित वाचता येणार नाही. या ज्ञानाचा फायदा घ्यावा. पाच पुस्तके झाली की लेखक बदलावा, विषय तोच ठेवावा.

आपल्या भाषेच्या जवळची भाषा वाचताना वेगळा धोका असतो. तेथे सगळे कळल्यासारखे वाटते. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि ‘यातायात’ म्हणजे वाहतूक. मराठी वाचक हे तिन्ही शब्द ओळखीचे समजून पुढे जातो आणि वाक्याचा अर्थ विपरीत लावतो. म्हणून जवळच्या भाषेत ओळखीचा शब्द वाक्यात विचित्र बसत असेल, तर तोच शब्दकोशात पाहावा.

टप्पा ७: व्याकरण, लेखन आणि बोलणे

नुसत्या वाचनाने सगळे येते, असे मी म्हणणार नाही. कॅनडात वर्षानुवर्षे फ्रेंच माध्यमात शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजत होते, तरी त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली यावरून स्वतः भाषा वापरण्याची गरज मांडली. स्टीफन क्रॅशन यांच्यासारखे अभ्यासक मुख्य भर समजणाऱ्या भाषेवरच देतात. व्यवहारात मला असे दिसते, की वाचन दोन-तीन लाख शब्दांच्या पुढे गेले की लिहायला सुरुवात करणे फलदायी ठरते, कारण तोवर ‘हे वाक्य कानाला खटकते’ ही जाणीव जागी झालेली असते. बोलण्याची निकड असलेल्यांनी अर्थातच इतके थांबू नये.

वाचलेल्या प्रकरणाचा सारांश त्याच भाषेत पाच-सहा वाक्यांत लिहावा आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहावा. पुन्हा पुन्हा होणारी एकच चूक निवडावी, व्याकरणाच्या पुस्तकात तेवढाच नियम वाचावा, आणि पुढचा आठवडाभर वाचताना त्या रचनेकडे लक्ष ठेवावे. आठवड्यात एकाहून जास्त चुका हाती घेतल्या, की वाचन पुन्हा तपासणीचे काम होऊन बसते.

खंड पडल्यास

महिनाभर वाचन थांबले, तर अर्धवट राहिलेल्या पुस्तकाकडे लगेच परत जाऊ नये. ते आता होते त्याहून अवघड वाटते, आणि सगळे विसरलो असा समज होतो. आधी पूर्ण वाचून झालेले, आवडलेले एखादे पुस्तक पुन्हा वाचावे, त्यानंतर एक पायरी खालचे एखादे नवे, आणि मग शंभर शब्दांची बोटांची चाचणी करून अर्धवट पुस्तक उघडावे. दोनच बोटे दुमडली, तर सोडले होते त्या प्रकरणाच्या सुरुवातीपासून वाचायला लागावे.